नाकाकडं तोंड करून

समुद्रापासून आमचं गाव किती लांब आहे, हे मी तेहतीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून दाखवलं. भूगोल हा माझा विषय. खारे वारे, मतलई वारे, भरती, ओहोटी, सगळं तोंडपाठ. समुद्र मात्र मी पाहिलेला नाही. सहल निघाली की वेरूळला जायची, फार तर शेगावला, आणि निवृत्तीनंतर गुडघ्यांनी जे धरलं ते धरलंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जो घोटाळा झाला त्यात माझा हात आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

गोष्ट प्रेमदास राठोडची आहे. माझ्या ओट्याला लागून त्याचं पत्र्याचं दुकान आहे, गोरेगावच्या जीप स्टँडसमोर. मुंबईचं गोरेगाव नव्हे, आमचं, सेनगाव तालुक्यातलं. रोज सकाळी तो आणि त्याची बायको नीलाबाई तांड्यावरून येतात आणि ताडपत्र्या शिवायला बसतात. सेनगावला आणि हिंगोलीला जाणाऱ्या निम्म्या जीपांचे हूड प्रेमदासनं शिवलेले आहेत. सोयाबीनच्या गंजीवर पाऊस आला तर लोकांना देवाआधी तो आठवतो.

माणूस मोठा शंकेखोर. कापड कापायच्या आधी तीनदा मोजतो, मग नीलाबाईला मोजायला लावतो, आणि मग दोघं एकमेकांकडं संशयानं बघतात. तोंडातून 'बराबर' हा शब्द निघणं महाकठीण. एखाद्या जीपवाल्यानं विचारलं, 'जमलं का मामा,' तर म्हणतो, 'पाऊस पडल्यावर सांगू.' मी त्याला यावरून फार चिडवत असे. मी स्वतः 'बराबर' हा शब्द दिवसाला पन्नासदा वापरतो. मास्तरकीची सवय.

सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या जावयाचा, सुदामचा, फोन आला. सुदाम तिकडं मांडव्याला समुद्रावर कामाला आहे. एका डॉक्टरसाहेबांची शिडाची नाव आहे, ती धुण्यापुसण्यापासून चालवण्यापर्यंत सगळं तो करतो. प्रेमदासची लेक शिला आणि नातू तिथंच खोली करून राहतात. फोन नीलाबाईनं घेतला. रेंज तुटक होती. तिनं नवऱ्याला निरोप दिला, "जावईबापूनं शिरडला काही कापड धाडलंय. आणून शिवून द्या म्हणले."

शिरड शहापूर म्हणजे पार औंढा तालुक्यात. प्रेमदासनं शिवायला घेतलेली ताडपत्री तशीच टाकली, जीपनं हिंगोली गाठली, तिथून एसटीनं शिरड. तिथं तो दिवसभर पार्सल शोधत हिंडला. चहावाल्याला विचारलं, पोस्टात विचारलं, एका किराणा दुकानदारानं तर त्याला बसवून पाणी पाजलं आणि कोणाकडं आलाय हे तीनदा विचारलं. हे त्याला सांगता येईना. दिवस मावळायच्या सुमारास तो उपाशी परत आला, तर भलंमोठं गाठोडं दुपारपासून माझ्याच ओट्यावर पडलेलं. मीच सही करून घेतलं होतं. मला वाटलं, हुडाचं कापड आलं असेल.

त्यानं लगेच सुदामला फोन लावायचं ठरवलं. रेंजसाठी आम्ही माझ्या स्लॅबवर गेलो आणि मी फोन स्पीकरवर ठेवायला लावला. एरवी ते सासरे-जावई आपसात गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत बोलतात, पण मला कळावं म्हणून मी मराठीत बोला म्हटलं. आता वाटतं, कशाला मध्ये नाक खुपसलं.

"मामा, शिरड न्हाई. शीड. नावेचं शीड," सुदाम म्हणाला.

प्रेमदासनं माझ्याकडं बघितलं. "गुरुजी, शीड म्हंजे काय असतंय?"

तेहतीस वर्षांत असा प्रश्न मला कोणी आपणहून विचारला नव्हता. मी त्याला शीड समजावलं. वारा समजावला. अर्ध्या तासात मी मतलई वाऱ्यापर्यंत पोचलो, तेव्हा नीलाबाई म्हणाली, "गुरुजी, त्यास्नी आधी भाकर खाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं. पांढरं, करकरीत, त्रिकोणी कापड निघालं. लांब कड तेरा हात भरली आणि त्या कडेला पितळी कड्यांची रांग होती. सोबत निळ्या कापडाची गुंडाळी, जाड दोरा आणि आत दोरी भरलेली एक लांबलचक पट्टी. प्रेमदासनं कापड दोन्ही बाजूंनी चोळून पाहिलं, उजेडात धरलं, वास घेतला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"याचं सुलट कोणतं?" त्यानं सुदामला विचारलं.

"दोनी बाजू सुलट, मामा."

प्रेमदास खाली बसला. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला तुम्ही उलट नसलेलं कापड देता, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेता. तो मला म्हणाला, "गुरुजी, असं असतंय का?" मी म्हटलं, "समुद्रावर असतं." मला काय माहीत.

सुदामनं मग काम सांगितलं, ते मी इथं माझ्या शब्दांत देतो. नावेच्या मधोमध डोलकाठी. तिच्यापासून पुढं नावेच्या नाकाकडं एक तार उतरते. हे शीड त्या तारेवर कड्यांनी अडकवलेलं असतं, पडदा सळईवर असतो तसं. ते चढवायचं किंवा उतरवायचं म्हटलं की माणसाला नावेच्या पार टोकाला जावं लागतं, आणि वारा वाढला की नेमकं तेव्हाच जावं लागतं. आता साहेबांनी नवी सोय आणली होती. तारेवर एक खाचेची नळी बसवायची, नळीच्या खाली एक चाक, चाकावर दोर गुंडाळलेला. कड्या काढून टाकायच्या, त्या जागी दोरीची पट्टी शिवायची, ती नळीच्या खाचेत सरकवायची. मग मागं बसूनच दोर ओढला की चाक फिरतं, चाकाबरोबर नळी फिरते, आणि शीड आपोआप नळीभोवती गुंडाळलं जातं. पुढं जायचं कामच नाही. तिकडचे शीड शिवणारे दिवाळीच्या आधी हात लावायला तयार नव्हते आणि दिवाळी झाली की साहेब नाव घेऊन गोव्याला निघणार होते. सुदामनं साहेबांना सांगून टाकलं होतं की माझे सासरे शिवतील.

"न्हाई म्हणून सांगतो," फोन ठेवल्यावर प्रेमदास मला म्हणाला. "हंगाम तोंडावर हाय. लोकं ताडपत्रीसाठी बसून राहिलेत. अन् मला यातलं काहीच कळून न्हाई राहिलं."

तेव्हा नीलाबाई मशीनवरून उठली. ती फारशी बोलत नाही. "वैशाखात जावईबापू त्या टोकावरून पडले," ती म्हणाली. "ते कापड उतरवाया गेले व्हते. पाय घसरला, पाण्यात गेले. कमरेला दोरी व्हती म्हणून वर काढलं. दोन बरगड्या मोडल्या. शिलानं मला सांगितलं, अन् बाबाला सांगू नको म्हणली."

प्रेमदास सुईत दोरा ओवायला लागला आणि बराच वेळ त्याला तो ओवता आला नाही. लग्नाच्या वेळी त्यानं पाण्यावरच्या कामाला नाकं मुरडली होती, ते मला माहीत होतं. आता त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती. मग तो म्हणाला, "कड्या आज काढू."

एवढं कापड पसरायला जागा हवी, म्हणून माझा स्लॅब. सकाळी आम्ही तिघांनी ते पसरलं, आणि कुठून तरी वाऱ्याची एक झुळूक आली. झुळूकच, वादळ नव्हे. कापडाचं एक टोक उचललं गेलं, पोट फुगलं आणि प्रेमदास धरलेल्या कडेसकट कठड्यापर्यंत ओढला गेला. नीलाबाईनं त्याचा सदरा धरला, मी गुडघे विसरून कापडावर आडवा पडलो. वारा गेला तसं कापड खाली बसलं. प्रेमदासच्या तळहाताला वळ उमटले होते. तो ते बघत म्हणाला, "गुरुजी, हे तर स्लॅबवर हाय. तिथं खाली पाणी, अन् नाव हलून राहिलेली."  मीही पहिल्यांदा खारे वारे म्हणजे काय ते समजलो, आणि मला माझीच जरा लाज वाटली.

आता निळी पट्टी. शिडाच्या उरलेल्या दोन कडांना ती शिवायची होती, पण एकाच अंगानं. शीड गुंडाळून ठेवलं की जे अंग बाहेर राहतं त्यावर निळं कापड हवं, म्हणजे ऊन त्याला लागेल आणि पांढरं आत सुरक्षित राहील. पण बाहेरचं अंग कोणतं? दोन्ही बाजू सुलट. प्रेमदासनं ते नळीसारखं गुंडाळून पाहिलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. इकडून गुंडाळलं की हे बाहेर, तिकडून गुंडाळलं की ते. त्यानं पुन्हा फोन लावला. सुदाम कामात होता, त्यानं घाईघाईत आवाज रेकॉर्ड करून पाठवून दिला:

"पट्टी उजव्या अंगाला, मामा. नाकाकडं तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला जे अंग येतंय, ते."

आम्ही ते सहा वेळा ऐकलं. मग मी लाल खडू आणला. एवढ्या वर्षांनी हातात खडू आला की माणसाला चेव चढतो. स्लॅबवर मी नाव काढली, तिला टोकदार नाक काढलं, डोलकाठीच्या जागी गोल केला आणि गोल ते नाक या रेषेवर नीलाबाईला शीड पडद्यासारखं उभं धरायला लावलं. "चल, उभा राहा," मी म्हटलं. "नाकाकडं तोंड करून."

प्रेमदास गेला आणि नावेच्या नाकासमोर, बाहेर, नावेकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर ओझी घालून मुलूखभर हिंडलेले. तांड्यावर अजूनही त्याच्या दारात बैलजोडी आहे. बैलाच्या नाकाकडं तोंड करायचं म्हणजे बैलाच्या समोर जाऊन उभं राहायचं, वेसण घालायला उभं राहतात तसं. तो उजवा हात वर करून थांबला. "हा उजवा. बराबर का, गुरुजी?"

मी त्याच्याकडं बघितलं, चित्राकडं बघितलं. माझ्याही दारात लहानपणी बैल होते. मला ते इतकं स्वाभाविक वाटलं की दुसरा अर्थ असू शकतो हे मनातही आलं नाही. "बराबर," मी म्हटलं, आणि शिडाच्या त्या अंगावर खडूनं फुली मारली. फुली माझी होती, हे ध्यानात ठेवा.

पुढचे बारा दिवस प्रेमदास सकाळी ताडपत्र्या आणि दुपारनंतर शीड असं करत राहिला. सुदामनं टीप नागमोडी मारा म्हणून सांगितलं होतं. प्रेमदासची मशीन सरळच जायची, म्हणून त्यानं हातानं कापड डावीउजवीकडं हलवत हलवत नागमोडी टीप काढली. तिन्ही कोपऱ्यांना कापडाचे इतके थर होते की सुई आत जाईना, ते नीलाबाईनं दाभणानं हातानं शिवले. एकेक टाका ओढताना ती दोरा पायाच्या अंगठ्याला गुंडाळून ताण द्यायची. आणि रोज प्रेमदास मला विचारायचा, "गुरुजी, ते उजवं बराबर हाय ना?" चौथ्या दिवशी मी चिडलो. म्हटलं, "अरे, मी भूगोलाचा माणूस आहे." यावर त्याचं समाधान झालं असं दिसलं नाही, पण तो गप्प बसला.

शीड गेलं. दिवाळी झाली. नाव निघायला दोन दिवस उरले होते, तेव्हा फोन आला आणि रेंजसाठी आम्ही स्लॅबवर चढलो. सुदामचा आवाज जपून निघत होता.

"मामा, शिवलंय एक नंबर. साहेबांनी टीप बघून विचारलं, कोणत्या मशीनवर मारली म्हणून." मग म्हणाला, "पण निळी पट्टी डाव्या अंगाला लागली. गुंडाळलं की निळं आत जाऊन राहिलंय अन् पांढरं बाहेर."

"तुमी नाकाकडं तोंड म्हणले व्हते," प्रेमदास म्हणाला.

"व्हय. नावेत उभं राहून, पुढं नाकाकडं."

स्लॅबवर माझं खडूचं चित्र अजून पुसटसं होतं. प्रेमदास त्याच्याकडं बघत राहिला, मग डोलकाठीच्या गोलात जाऊन उभा राहिला, पुढं तोंड करून. उजवा हात वर केला. मग नाकासमोर जाऊन उभा राहिला. दोन्ही जागी त्याचा उजवा हात उजवाच होता, आणि त्याला ते काही केल्या उमजेना. मला उमजलं होतं, म्हणून मी मान खाली घातली.

"आता?" त्यानं विचारलं.

"उसवून शिवायला वेळ न्हाई. पांढरं उन्हात राहिलं तर कापड कुजंल, वाऱ्यात फाटंल. साहेब म्हणून राहिले, हे राहू द्या, नळी काढू, जुनं दुसरं शीड हाय कड्यांचं, तेच लावून जाऊ." सुदाम घाईनं पुढं म्हणाला, "तुमी मनाला लावून घेऊ नका, मामा. मला सवय हाय पुढं जायाची."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "प्रेमदास, चूक माझी. फुली मी मारली." तो म्हणाला, "उभा मी राहिलो, गुरुजी." तो खाली दुकानात गेला. नीलाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यानं तो हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "माझ्या हातानं मी त्याला पुन्हा त्या टोकावर धाडलं," तो म्हणाला. मला त्याच्याकडं बघवेना. घरी जावंसं वाटत होतं आणि जाताही येत नव्हतं, म्हणून मी ओट्यावर बसून राहिलो.

एक जीपवाला आपल्या हुडासाठी खोळंबून उभा होता. प्रेमदास नाइलाजानं मशीनवर बसला. बॉबिन संपली होती. त्यानं भरलेली बॉबिन उचलली, डबीत टाकली आणि दोरा ओढून पाहिला. लक्ष ठिकाणावर नव्हतं, बॉबिन उलटी पडली होती. ती भलत्या बाजूला फिरली. त्यानं ती काढली, पलटी केली, दोरा ओढला, आता ती बरोबर फिरली. मग त्यानं ती पुन्हा उलटी टाकली. पुन्हा ओढली. असं त्यानं कितीदा केलं कोण जाणे. जीपवाला माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला.

"गुरुजी," प्रेमदास म्हणाला, "त्या नळीखालचं चाक म्हंजे बॉबिनच की."

"असेल," मी म्हटलं. यावेळी 'बराबर' म्हणायची माझी छाती झाली नाही.

तो जिना चढून स्लॅबवर गेला. मी गुडघे ओढत मागून. त्यानं फोन लावला. "जावईबापू, ते चाक दोन्हीकडं फिरतंय का?"

"फिरतंय, मामा. काहून?"

"मग त्यावरचा दोर काढा अन् उलट्या बाजूनं भरा. उजवीकडून भरला आसंल तर डावीकडून. मग ओढला की चाक उलटं फिरंल. चाक उलटं फिरलं की शीडबी उलटं गुंडाळंल. निळं बाहेर येईल का न्हाई?"

पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं रेंज गेली. मग सुदाम म्हणाला, "करून बघतो," आणि फोन खरंच कट झाला.

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही लावला तर लागेना. शिलाला विचारलं तर ती म्हणाली, ते नावेवरच हायेत. प्रेमदासनं दोन ताडपत्र्या शिवल्या आणि दोन्हींची मापं चुकवली, जे चाळीस वर्षांत झालं नव्हतं. दोर उलटा भरला का, शीड कोणतं लावलं, काहीच कळत नव्हतं. मी त्याला समजावायला गेलो की उलट्याचं उलट म्हणजे सुलट होतं, आणि बोलता बोलता माझाच गोंधळ उडाला. जिथं मुळात सुलटच नाही तिथं उलट्याचं उलट काय होणार, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

नाव निघाली त्या दिवशी दुपारी प्रेमदासचा फोन वाजला. चेहरे दिसणारा फोन होता. आम्ही तिघं स्लॅबवर धावलो, म्हणजे ते दोघं धावले. मी पोचलो तेव्हा पडद्यावर पाणीच पाणी होतं. फोन बहुतेक साहेबांनी धरला होता. सगळं इतकं हलत होतं की आकाश कुठलं आणि समुद्र कुठला हे मला ओळखू येईना. अशा तऱ्हेनं मी समुद्र पाहिला. मग पांढरं शीड दिसलं, गच्च फुगलेलं. आमचं शीड. कुठून तरी दोर ओढल्याचा आवाज आला आणि ते फिरायला लागलं, वळत वळत नळीभोवती बसत गेलं, आणि शेवटी वरपासून खालपर्यंत निळीशार गुंडाळी उरली.

"निळं बाहेर आलं," मी ओरडलो. "प्रेमदास, अरे निळं बाहेर आहे." नीलाबाई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही.

प्रेमदास निळ्याकडं बघतच नव्हता. त्यानं फोन नाकाला लागेल इतका जवळ धरला होता आणि शिडाच्या पुढं, नावेच्या पार टोकाकडं तो काहीतरी शोधत होता.

"जावईबापू, तुमी कुठं हाव?"

"मागं, मामा. बसलोय. दोर माझ्या हातात हाय."

"अन् पुढं? पुढं कोण हाय?"

"पुढं कोणीच न्हाई."

लाटेनं नावेचं टोक वर उचललं, मग ते खाली गेलं, त्यावरून पाणी वाहून गेलं. टोक रिकामं होतं. प्रेमदासनं ते पुन्हा एकदा वर येईपर्यंत पाहिलं.

"बराबर," तो म्हणाला.